नानांच्या वाट्याचा रोट

सिंधूच्या घरात माणसं नक्की किती होती, हे मला कधी नीट मोजता आलं नाही. आमच्या घरात मोजण्यासारखं काही नव्हतंच. आई, वडील आणि मी. वडील धुळ्याच्या एका शाळेत मास्तर होते, मूळचे साक्रीकडचे. शाळेतून आले की चहा घ्यायचे, रेडिओ लावायचे, आणि बातम्या संपल्या की घरात पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाचाच काय तो आवाज. आई वरण उकळतानासुद्धा झाकण वाजू द्यायची नाही. परसात माझ्या हनुवटीएवढी एक भिंत होती आणि भिंतीपलीकडे सिंधूचं घर. तिथे दिवस उजाडला की कोणी तरी कोणावर तरी ओरडत असायचं. मिरची कुटली जायची, गाय हंबरायची, न्हाणीवरून दोन सुनांचं वाजायचं, उन्हाळ्यात खाटांवर ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे वाळायचे आणि ते राखायला बसवलेली पोरंच अर्धे ओले बिबडे खाऊन टाकायची. डाळीचे फुणके वाफेवर ठेवले आणि कढीला फोडणी बसली की तो वास भिंत ओलांडून आमच्याकडे यायचा आणि मी त्याच भिंतीवरून तिकडे जायची. आई म्हणायची, "तुला आपल्या घरचं अन्न गोड लागत नाही का गं?" खरं सांगायचं तर नव्हतं लागत.

त्या घरावर राज्य होतं मोठ्या मायचं. मोठी माय म्हणजे सिंधूची थोरली काकू. पण घरातले, गल्लीतले, झाडून सगळे तिला मोठी मायच म्हणत. धिप्पाड बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी भिंतीवर चढले की न बघताच म्हणायची, "ऊनी मास्तरनी पोर, टाका वं तिले भाकर." सिंधू माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात. सकाळी शाळेआधी ती त्यांच्या ओट्यावर बसून माझी वेणी घालायची. हात असा घट्ट की डोळे ताणले जायचे. एक शब्द न बोलता ती पेड घालत जायची आणि मी तिच्या गुडघ्यांमध्ये डोकं धरून बसायची. त्या वयात मला कोणी विचारलं असतं की सुख म्हणजे काय, तर मी तो ओटा दाखवला असता.

आता कानबाईचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच फिसकटलं. श्रावणातल्या नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई, म्हणजे त्यांची कुळदेवी, बसायची. आमच्याकडे ती नव्हती, आमचं कूळ वेगळं. त्यांच्याकडे आठवडाभर आधीपासून घर धुऊन निघायचं, नोकरीला बाहेरगावी गेलेले भाऊ बायकापोरांसकट यायचे, नारळाला नथ-डोळे करून चौरंगावर बसवायचे, फुलांचा मांडव, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत पांझरा नदीवर विसर्जन. या सगळ्याला मला मुक्त प्रवेश होता. फुलं मी ओवायची, गाण्यात माझा आवाज सगळ्यांच्या वर. फक्त एका गोष्टीला प्रवेश नव्हता, तो म्हणजे रोट. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू काढायचा, तो घरीच दळायचा आणि गुळाच्या पाण्यात मळून त्याच्या जाड पोळ्या भाजायच्या. ज्याच्या नावाने मूठ, त्याच्या नावाचा रोट. कुळातल्या माणसांनी तो वाटून खायचा आणि बाहेरच्याला त्यातला कणही द्यायचा नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा त्यांच्याकडे परसातल्या खड्ड्यात ओतत, कोणाच्या पायाखाली यायला नको म्हणून. लहान असताना एकदा मी सिंधूला म्हटलं होतं, "मला दे ना थोडा." ती मोठ्या मायच्या आवाजात म्हणाली, "बाहेर देत नाहीत." एवढंच. त्यानंतर मी कधी मागितलं नाही. रोट वाटायची वेळ झाली की मी आपण होऊन भिंतीवरून आमच्या परसात उतरायची आणि मोरीपाशी उभी राहून भाजलेल्या गुळाचा वास घ्यायची. मला वाटायचं, न मागण्यातच माझं शहाणपण आहे आणि सिंधूला ते कळतंय.

आम्ही नववीत गेलो त्या वर्षी ज्योत्स्ना आली. तिचे वडील वरणगावच्या कारखान्यात होते. ती मामाकडे शिकायला धुळ्याला आली आणि तो मामा नेमका आमच्याच गल्लीत राहायचा. तिचं सगळं बोलणं "आमच्याकडे क्वार्टरमध्ये" असं सुरू व्हायचं. क्वार्टरमध्ये भोंगा वाजला की घड्याळ लावतात, क्वार्टरमध्ये पटांगणात पडदा लावून सिनेमा दाखवतात, क्वार्टरमध्ये नळाला दिवसभर पाणी. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि तिच्यात नावडण्यासारखं काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. हसरी होती, मनमोकळी होती, डब्यातलं पुढे करायची. सिंधूला मात्र तिने चांगलंच वेड लावलं. पंधरा दिवसांत सिंधू "क्वार्टर" म्हणायला लागली, जन्मात कधी पाहिलं नव्हतं तरी. शाळेत जाताना आम्ही तिघी चालायचो, पण रस्ता अरुंद झाला की मागे पडायची ती मीच. आणि एका सकाळी मी फणी घेऊन ओट्यावर गेले तर तिथे ज्योत्स्ना बसलेली, सिंधूच्या गुडघ्यांत डोकं धरून. सिंधू म्हणाली, "थांब, हिची होऊ दे, मग तुझी घालते." मी थांबले नाही. घरी येऊन आरशासमोर स्वतःची वेणी घातली, ती वाकडी झाली, आणि तशीच शाळेत गेले. दिवसभर कोणी काही विचारलं नाही. सिंधूनेही नाही.

मत्सराबद्दल लोक उगाच मोठमोठं बोलतात, की माणूस जळतो, आग होते. माझा अनुभव तसा नाही. दाताखाली कच आली की जेवण तसंच पुढे चालू राहतं, पण प्रत्येक घासाला ती लागते, तसं ते असतं. कानबाई बसली त्या रविवारी मी फुलं ओवत होते आणि ज्योत्स्ना माझ्या शेजारी बसून विचारत होती, "हे नारळालाच का डोळे? आणि रोट म्हणजे काय गं?" सिंधू तिला सगळं समजावून सांगत होती, मी तिथे नसल्यासारखं.

सोमवारी विसर्जन झालं. नदीवरून आल्यावर बायका दमून पुढच्या खोलीत आडव्या झाल्या. मी दोरीवरचे कपडे काढायला आमच्या परसात गेले आणि सहज भिंतीपलीकडे पाहिलं. गोठ्याच्या आडोशाला सिंधू आणि ज्योत्स्ना उभ्या होत्या. सिंधूने ओढणीखालून केळीच्या पानात गुंडाळलेलं काही तरी काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. जाड, तांबूस, काठाला जरा जळलेलं. मला ते ओळखायला जवळ जावं लागलं नाही. इतकी वर्षं मी त्याचा नुसता वासच तर घेतला होता. ज्योत्स्नाने तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि मी वडिलांचं दमट धोतर छातीशी धरून तशीच उभी राहिले. रडू आलं नाही. "बाहेर देत नाहीत" हे वाक्य मात्र डोक्यात पुन्हा पुन्हा वाजत राहिलं. मी हे कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. सांगायचं मनातही आलं नाही, हे मी आज छातीवर हात ठेवून लिहू शकते.

तो रोट नानांच्या वाट्याचा होता. नाना म्हणजे सिंधूचे धाकटे काका, जळगावला एस.टी.वर ड्रायव्हर. त्या वर्षी त्यांना रविवारची सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्यांचा रोट देवघरात दुरडीखाली झाकून ठेवलेला होता. मंगळवारी दुपारी ते आले, पाय धुऊन पाटावर बसले, मोठ्या मायने दुरडी उचलली आणि खाली काही नव्हतं. कानबाईच्या घरात याहून वाईट काही होत नाही. ज्याच्या नावाची मूठ, त्याच्या तोंडी रोट गेला नाही, आणि तो माणूस रोज गाडीभर माणसं घेऊन घाट चढतो-उतरतो. पलीकडचा एवढा मोठा गलका एकदम थांबला. ते घर गप्प झाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग भिंतीवरून मोठ्या मायचा आवाज आला, "शैला, इकडे ये वं."

मी गेले. देवघराच्या दाराशी सगळ्या बायका उभ्या होत्या. नाना खाकी कपड्यांतच पाटावर बसलेले. सिंधू खांबाला टेकून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. मोठी माय म्हणाली, "काय वं पोरी, नानाना वाटाना रोट तू खादा का? सिंधू म्हनस, तू खादा."

सिंधूने मान वर केली नाही. मला सगळं एका क्षणात कळलं. ज्योत्स्नाचं नाव घेतलं असतं तर तिचा मामा दारात आला असता, बोभाटा झाला असता, ज्योत्स्नाचं येणं-जाणं बंद झालं असतं. माझं नाव घेतलं तर काही बिघडणार नव्हतं. मी काय, घरचीच. मी ओरडून सांगू शकत होते. गोठ्यामागे केळीचं पानही तसंच पडलेलं असणार. पण मोठी माय माझ्याकडे बघत होती, सगळं घर माझ्याकडे बघत होतं, आणि मी म्हटलं, "हो, मी खाल्ला."

पुढे कधी तरी हे मी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "केवढी मैत्री गं तुझी!" चांगला माणूस आहे, त्याला असंच वाटणार. माझ्या मनात त्या वेळी मैत्री औषधालाही नव्हती. माझ्या मनात एवढंच होतं की या घरातला रोट बाहेरच्या कोणी तरी खाल्ला अशी आठवण आता कायमची राहणार, आणि त्या आठवणीत ज्योत्स्नाचं नाव मी राहू देणार नाही. खाल्ला असेल तर तो मी खाल्ला.

मोठ्या मायचा चेहरा पडला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "भूक लागनी व्हती तं मांगी लेती. तुले मी कधी नही म्हनेल शे का?" ती म्हणाली. "पन तो कुळना रोट शे वं बाई. बाहेर कोनलेच देतस नही." मागून कोणी तरी म्हणालं, आता नानाने आज गाडीवर जाऊच नये. तेव्हा नाना हसले. त्यांचे पुढचे दोन दात तंबाखूने काळे झाले होते, ते अजून दिसतात मला. "लेकरूनी खादा ना? मंग माले पोचना," ते म्हणाले आणि साधी भाकर मागून जेवायला लागले. मोठ्या मायने माझ्या कपाळाला जोरात कुंकू लावलं आणि पुढच्या कानबाईपर्यंत उंबरा चढू नको म्हणून सांगितलं. घरी आईने मला मारलं नाही. तिने ताट वाढलं आणि म्हणाली, "जेव. पोटभर जेव. लोकांना वाटतं आम्ही तुला उपाशी ठेवतो." गल्लीतल्या पोरींनी माझं नाव रोटखाई पाडलं आणि ते नाव लग्न होईपर्यंत मला चिकटून राहिलं.

त्या दिवसापासून नानांचा जीव माझ्या गळ्यात पडला. त्यांची काळजी खरं तर सिंधूने करायला हवी होती. पण हो मी म्हटलं होतं, म्हणजे नानांच्या गाडीला काही झालं तर ते माझ्यामुळे, असा माझा हिशेब. वडिलांच्या रेडिओवर अपघाताची बातमी लागली की मी हातातलं काम टाकून ऐकायची. नाना सुट्टीवर आले की भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू यायचा, आणि तो ऐकला की मला झोप लागायची. त्या खोकल्याची एवढी वाट त्यांच्या बायकोनेही पाहिली नसेल. सिंधू मात्र मजेत दिसायची. निदान भिंतीवरून तरी तशी दिसायची.

काही दिवसांनी ती भिंतीपाशी आली. मी भांडी घासत होते. ती म्हणाली, "मी तुला हो म्हणायला सांगितलं नव्हतं."

"नाव तर माझंच घेतलंस."

"तू कोणाला सांगणार नाहीस, माहीत होतं मला."

म्हणजे माझ्या इमानाची तिला पुरती खात्री होती, आणि ती तिने दुसरीसाठी खर्चून टाकली होती. मी राखेचा हात तसाच ठेवून विचारलं, "तिला का दिलास?"

सिंधूला प्रश्नच समजला नाही असा तिचा चेहरा झाला. "तिने मागितला," ती म्हणाली. "तू कधी मागितलास?"

लहानपणी एकदा मागितला होता, हे तिच्या लक्षातही नव्हतं. मी नियम पाळत बसले, आणि जिला नियम ठाऊकच नव्हता तिने हात पुढे केला. बरं, ज्योत्स्नाला तरी त्याचं काही असावं? एकदा शाळेच्या नळावर तीच माझ्यापाशी आली. आवाज बारीक करून म्हणाली, "तू उगाच माझ्यासाठी बोलणी खाल्लीस गं. आणि खरं सांगू का, मला तो आवडलाही नाही. कोरडा ठाक. अर्धा मी गाईला घातला." तिने माझे आभार मानले असते तरी मला इतका राग आला नसता.

वार्षिक परीक्षा झाल्यावर ज्योत्स्ना वरणगावला परत गेली ती गेलीच. सुट्टीत एके सकाळी सिंधू हातात फणी घेऊन भिंतीपाशी उभी राहिली. नुसती फणी दाखवली. माझे केस मोकळेच होते. मी म्हटलं, "मला येते आता घालता." ती फणी घेऊन आत गेली. पुढच्या श्रावणात मोठ्या मायने स्वतः भिंतीवरून हाक मारली, "येत नही का वं फुलं ओवाले?" मी अभ्यासाचं निमित्त सांगितलं. भिंत तेवढीच होती, पण मी ती पुन्हा चढले नाही.

मी लग्न होऊन जळगावला आले, सिंधू साक्रीकडे सासरी गेली. वडील गेले, आईला मी माझ्याकडे आणलं, आणि धुळ्याचं घर रिकामं करायला म्हणून एका श्रावणात चार दिवस तिकडे गेले, तेव्हा माझेही केस पांढरे व्हायला लागले होते. भिंतीपलीकडे कानबाईचा गलका चालू होता. माझी चाहूल लागल्याबरोबर मोठ्या मायने नातसून पाठवून मला बोलावून घेतलं. माय आता कमरेत वाकली होती, डोळ्यांनी अंधुक दिसायचं, पण कुंकू तेवढंच. निवृत्त झालेले नाना पंगतीत बसले होते, त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हाईच ती! इनीच मन्हा रोट खादा व्हता!" सगळे हसले. समोरच्या पंगतीत सिंधू बसली होती, जाडसर झालेली, चष्मा लागलेली. तिच्या ताटात साधी पोळी होती. लग्न होऊन गेलेल्या लेकीला त्यांच्याकडे रोट देत नाहीत. कन्यादान झालं की कूळ बदललं.

मी तिच्या शेजारी बसायला निघाले तर मोठ्या मायने मला हाताला धरून कुळातल्या बायकांच्या पंगतीत, सिंधूच्या समोर बसवलं आणि ताटात रोट वाढायला सांगितला. एक सून चाचरत म्हणाली, "मोठी माय, त्या तर बाहेरच्या..." त्यावर म्हातारी जी कडाडली! "रोट खायेल पोर शे ती. पोटमा गया तो काय बाहेर निंघस का? आनि लगन व्हयनं म्हंतीस तं इन्हं कन्यादान आपन कोठे करं? आपन दिधीच नही तिले कोनले. आमनीच शे." तिच्या हिशेबात माझं कन्यादान या घराने केलंच नव्हतं, म्हणजे माझं कूळ बदललंच नव्हतं. माझ्या ताटात रोट पडला. जाड, तांबूस, काठाला जरा जळलेला.

मी वर पाहिलं. सिंधू माझ्या ताटाकडे बघत होती. ती नजर मला ओळखायला वेळ लागला नाही, कित्येक वर्षं मी ती आमच्या परसातून त्यांच्या घराकडे लावून बसले होते. त्या अख्ख्या घरात, मी याआधी रोट कधीही खाल्लेला नाही हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. तुकडा मोडणारा माझा हात थांबलेला पाहून ती पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "मला दे ना गं थोडा."

तिने मागितला. काय करावं हे ठरवायला मला पुरेसा वेळ होता. मला कोणी घाई केली नव्हती, मी रागात नव्हते. मी तिच्या डोळ्यांकडे बघत म्हटलं, "बाहेर देत नाहीत," आणि तुकडा तोंडात टाकला.

मला वाटलं होतं, हे वाक्य एकदा म्हणून टाकलं की पोटात गार वाटेल. पण ज्योत्स्ना खरं बोलली होती. रोट कोरडा ठाक होता. घास घशाशी अडकला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. पंगतीतल्या बायका वाढणारीला हाका मारायला लागल्या. तोवर सिंधू उठून आली होती. तिने स्वतःचा तांब्या माझ्या तोंडाला लावला आणि पाणी उतरेपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "सावकाश खा. पहिलाच आहे तुझा."